थँक्यूचा कोटा : एका सपोर्ट टीमची केस

कंपनीचं नाव, माणसांची नावं मुद्दाम टाकत नाहीये, आणि टाकून काही उपयोगही नाही, कारण थोड्याफार फरकाने हे कुठल्याही ऑफिसात सापडेल. टीम सपोर्टची. पंधराच्या आसपास माणसं, तीन शिफ्ट, चोवीस तास तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी, येत राहणार, ग्राहकाची सिस्टीम अडली की फोन यांनाच. मी त्या टीममध्ये नव्हतो, शेजारच्या टीमला होतो, पण त्यांची लीड ओळखीची, आणि प्रकरण चिघळल्यावर तिने मला चॅनेल, हँडओव्हरच्या (एका शिफ्टने पुढच्या शिफ्टला काम सोपवतानाच्या) नोट्स, सगळं उघडून दाखवलं, म्हणून एवढ्या तपशिलात लिहिता येतंय.

झालं असं की दरवर्षीच्या एंगेजमेंट सर्व्हेत या टीमचा स्कोअर पडला. "माझ्या कामाची दखल घेतली जाते" या वाक्यापुढे बहुतेकांनी "नाही" टिक केलं होतं. वरून लीडला विचारणा झाली, एचआरने एक प्रेझेंटेशन दिलं आणि त्यातून योजना निघाली: ऑफिसच्या चॅटवर थँक्यू चॅनेल, प्रत्येकाने आठवड्याला किमान दोघांना थँक्यू लिहायचं, ज्याला मिळालं त्याला पॉइंट, सगळ्यात जास्त पॉइंटवाला महिन्याचा स्टार, आणि कुठल्या टीमने किती थँक्यू दिले याचा डॅशबोर्ड सगळ्या कंपनीला दिसणार. लीडचा हेतू चांगलाच होता हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून ती व्हिलन वाटेल आणि ती तशी अजिबात नाहीये.

पहिले काही आठवडे मस्त गेले. लोकांनी जुन्या जुन्या गोष्टी आठवून लिहिल्या, कोणी सुट्टीच्या दिवशी लॉगिन करून मदत केली होती, कोणी नव्याला शेजारी बसवून शिकवलं होतं. ज्यांना लिहिलं त्यांना खरंच बरं वाटलं. यात नवल काही नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा 2018 सालचा अभ्यास आहे, त्यात लोकांना आभाराचं पत्र लिहायला लावलं आणि वाचणाऱ्याला कसं वाटेल याचा अंदाज विचारला. लिहिणाऱ्यांना वाटलं समोरचा अवघडून जाईल, प्रत्यक्षात तो त्यांनी धरलं होतं त्यापेक्षा कमी अवघडला आणि कितीतरी जास्त खूश झाला. म्हणजे माणसं आभार मनात ठेवतात ती कोरडी असतात म्हणून नाही, उगाच ऑकवर्ड होईल या भीतीने. चॅनेलमुळे ती भीती गेली, लिहायला निमित्त मिळालं. तेवढ्यापुरती योजना कामाची होती.

मग मनात साठलेलं संपलं आणि कोटा तसाच राहिला. इथून पुढचं चॅनेल वाचायला मजा येते. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शांतता आणि मग अर्ध्या तासात थँक्यूंचा पाऊस. "थँक्स फॉर युवर सपोर्ट." "थँक्स फॉर ऑल द हेल्प." काय हेल्प, कधी, काही नाही. दोन पोरांनी तर सरळ सेटिंग करून ठेवलं होतं, तू मला दे मी तुला देतो, दर शुक्रवारी न चुकता. एकाने दुसऱ्याला ज्या आठवड्यात थँक्यू दिलं तो दुसरा त्या आठवड्यात रजेवर होता, हे कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही! आणि डॅशबोर्डवर टीम पहिल्या तिनात.

मोजायला लागलं की माणसं मोजण्यासाठी काम करायला लागतात, अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल असंच काहीसं म्हटलं होतं आणि आता ते गुडहार्टचा नियम म्हणून सगळीकडे लावतात, इथेही चपखल बसतं. पण मला विचाराल तर कोटा ही या केसमधली किरकोळ गोष्ट आहे. पोकळ थँक्यूने कोणाचं फार वाईट होत नाही, लोक वाचत नाहीत आणि पुढे जातात. खरं दुखणं वेगळंच होतं, ते थँक्यू कोणाला जात नव्हतं तिथे होतं.

रात्रपाळीला एक जण होता, वयाने सगळ्यांत मोठा, टीम त्याला दादा म्हणायची. रात्री तिकिटं कमी असतात म्हणून लोकांना वाटतं तिथे आराम आहे. प्रत्यक्षात रात्री बॅच जॉब, म्हणजे सिस्टीमची एकगठ्ठा होणारी कामं, चालतात, पहाटे काही ना काही अडकतं, रांगेत हजारो रेकॉर्ड तुंबतात, ते मोकळं केलं नाही तर सकाळी ग्राहकाने स्क्रीन उघडली की बोंब. हा माणूस ते मोकळं करायचा आणि वर हँडओव्हरची नोट लिहायचा, काय अडकलं होतं, का अडकलं, आत्ता तात्पुरतं काय केलंय, दिवसा कशावर लक्ष ठेवा. मी त्या नोट्स वाचल्यात. नवीन माणसाला ट्रेनिंग म्हणून देता येतील अशा.

आता हे चॅनेलवर दिसणार कुठून? सकाळची शिफ्ट येते, सगळं चालू असतं, चालू असलेल्या गोष्टीबद्दल कोण कोणाला थँक्यू म्हणतं? स्टार कोण व्हायचा, तर दिवसपाळीतला एक तरुण मुलगा. हुशार, झटपट, ग्राहक फोनवर ओरडत असताना शांतपणे सिस्टीम उभी करणारा. त्याचं कौतुक खोटं नव्हतं, पण जवळजवळ दर महिन्याला तोच, कारण आग विझवताना सगळे बघत असतात. आग लागूच दिली नाही त्याचा पुरावा काय दाखवणार.

दादाने तक्रार केली नाही. त्याने फक्त नोट लिहिणं कमी केलं. तारखेप्रमाणे लावून वाचलं की स्पष्ट दिसतं, आधी भरगच्च परिच्छेद, मग चार ओळी, मग दोन, आणि शेवटी रोज एकच, "सगळं ओके". काम तो करतच होता, सांगणं बंद केलं होतं. मग एके सकाळी रात्री केलेली तात्पुरती डागडुजी दिवसा तुटली, दिवसपाळीला माहीतच नाही की तिथे काही डागडुजी होती, मूळ कारण शोधण्यात तास गेले, ग्राहक वरपर्यंत गेला. मीटिंगमध्ये स्टार मुलगा भडकला, नोट नीट लिहायला काय होतं यांना? आणि लीडच्या तोंडून निघून गेलं की दादा, टीम एवढं पॉझिटिव्ह वातावरण बनवतेय, सगळे एकमेकांचं कौतुक करतायत, तुम्हीच फक्त बाजूला, तुमच्या नावावर एक थँक्यू दिलेलं नाही.

तो म्हणाला, "बरोबर आहे मॅडम," आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी राजीनाम्याचा मेल.

लीड माझ्याकडे आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता की एवढं करून याला राग कसला? मी म्हटलं आधी त्याचा जुना मेल दाखव, कारण असा माणूस अचानक जात नाही, आधी कुठेतरी दार वाजवलेलं असतं. निघालाच. दोनेक महिन्यांपूर्वी त्याने लिहिलं होतं की घरी अडचण आहे, काही काळ दिवसपाळी मिळाली तर बरं होईल. उत्तर गेलं होतं, सध्या शक्य नाही, बघू. आणि त्याच आठवड्यात लीडची चॅनेलवर पोस्ट, रात्रंदिवस झटणाऱ्या माझ्या संपूर्ण टीमचे मनापासून आभार, पुढे हात जोडलेले इमोजी. दोन्ही मेसेज एकाखाली एक ठेवून वाचले की राग कसला ते विचारावं लागत नाही. तिने वाचले, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मला रात्रपाळी दुसरा कोणी घेईल का हे विचारायचाच कंटाळा आला होता."

इथे जरा अभ्यासाकडे वळतो, कारण एचआरच्या प्रेझेंटेशनमध्ये ज्या संशोधनाची स्लाइड होती ते संशोधन चांगलंच आहे, फक्त स्लाइडवर अर्धंच आलं होतं. अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जिनो, 2010. त्यांनी बरेच प्रयोग केले. एकात लोकांनी एका विद्यार्थ्याच्या नोकरीच्या अर्जावर सूचना दिल्या, मग त्याने आणखी मदत मागितली. नुसता "मिळालं" असा निरोप आला त्यांच्यातल्या 32 टक्क्यांनी पुन्हा मदत केली, आभार मानले त्यांच्यातल्या 66 टक्क्यांनी. दुसऱ्या एका प्रयोगात एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारे 41 जण होते, ठरलेल्या पगारावर. त्यातल्या काहींना त्या विभागाच्या संचालकांनी स्वतः येऊन सांगितलं की तुमच्या कष्टाबद्दल मी कृतज्ञ आहे, पुढच्या आठवड्यात त्यांचे फोन निम्म्याहून जास्त वाढले, बाकीच्यांचे होते तेवढेच राहिले. स्लाइडवर हे आकडे होते. स्लाइडवर नव्हतं ते कारण. संशोधकांनी तपासलं की आभारामुळे "मला जमतं" असा आत्मविश्वास वाढतो म्हणून हे होतं का, तर नाही, "माझी इथे किंमत आहे" असं वाटतं म्हणून होतं. आता ज्याची विनंती धुडकावली त्याला त्याच आठवड्यात सगळ्यांबरोबर ठोकमध्ये आभार पाठवले तर किंमत आहे असं वाटेल की नाही असं? आणि त्या संचालकांनी कोटा म्हणून आभार मानले नव्हते हेही आहेच.

दुसरी गोष्ट, आभार कशाबद्दल. सारा अल्गो या संशोधक बाईंचं काम मुख्यतः जोडप्यांवर आहे, ऑफिसवर नाही, पण उपयोगी पडतं. त्यांच्या अभ्यासात आभारातला जो भाग समोरच्याबद्दल असतो, म्हणजे तू काय केलंस, त्यात तुझा कोणता गुण दिसला, तो भाग समोरच्याला जास्त भिडतो, माझा किती फायदा झाला हा भाग तेवढा नाही. चॅनेलवरच्या पोस्टी बघितल्या तर ज्या काही चार शब्द जास्तीच्या होत्या त्या सगळ्या "माझं काम वाचलं" छापाच्या. समोरच्याने नेमकं काय केलं हे लिहायला ते आधी माहीत लागतं, आणि रात्रपाळीचं काय चालतं हे दिवसपाळीला माहीतच नव्हतं. त्यामुळे कृतज्ञता वाढवा म्हणून कितीही मागे लागलात तरी या टीममध्ये ती दादापर्यंत पोचणार नव्हती, कारण अडचण मनाची नव्हती, माहितीची होती. माझ्या मते या केसमधली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि नेमकी तीच कुठल्याच ट्रेनिंगमध्ये येत नाही, तिथे डोळे मिटून तीन चांगल्या गोष्टी आठवा असं सांगतात.

त्याही व्यायामाला माझा विरोध नाही. एमन्स आणि मॅककलो यांच्या 2003 च्या अभ्यासापासून यावर बरंच काम झालंय, आठवड्याला कृतज्ञ वाटणाऱ्या पाचेक गोष्टी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना एकंदर आयुष्याबद्दल बरं वाटलं. पण तिथेही अतिरेक चालत नाही, सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. आणि हे सगळं स्वतःच्या वहीतलं आहे. ऑफिसातल्या आभारात समोर दुसरा माणूस असतो, त्याच्या हातात पगार, शिफ्ट, प्रमोशन असतं किंवा नसतं, ते समीकरण वहीत येत नाही.

बरं, मग केलं काय.

आधी रात्रपाळीचं रोटेशन लावलं. हे पहिलं, थँक्यूच्या आधी, आणि यावर लीडचं आणि माझं वाजलं, ती म्हणत होती आधी जाऊन त्याच्याशी मनापासून बोलते मग बघू, मी म्हटलं रिकाम्या हाताने जाऊ नकोस. तिने तीन जणांना विचारलं, दोघं तयार झाले, एकाला तर रात्रपाळी हवीच होती, त्याला कोणी विचारलंच नव्हतं! मग ती दादाशी बोलली. जे बोलणं झालं ते तिने सांगितलं तसं लिहितो. ती म्हणाली, "दादा, तुमच्या जुन्या नोट्स काल सगळ्या वाचल्या. पहाटे रांग तुंबते ते तुम्ही किती वेळा मोकळं केलंत हे मला माहीत नव्हतं, मला माहीत असायला हवं होतं. पुढच्या महिन्यापासून रोटेशन आहे, तुम्हाला दिवसपाळी." तो म्हणाला, "मॅडम, मला स्टार नको होता. मी लिहितोय ते कोणी वाचतंय का एवढंच कळत नव्हतं." राजीनामा त्याने लगेच मागे घेतला नाही, विचार करायला आठवडाभर वेळ घेतला, आणि मला ते योग्यच वाटतं.

मग चॅनेलमधून कोटा, पॉइंट, स्टार काढले. चॅनेल ठेवला, ज्याला लिहायचं त्याने लिहावं. त्याऐवजी रोजच्या हँडओव्हर मीटिंगमध्ये एक प्रश्न आला: आधीच्या शिफ्टच्या कुठल्या कामामुळे आज तुझं काम सोपं झालं, नेमकं सांग. काही नसेल तर "काही नाही" म्हणायचं, चालतं. पहिल्या दिवशी तिघांनी "काही नाही" म्हटलं आणि छान वाटलं, निदान खरं होतं. हळूहळू लोक आधीच्या शिफ्टची नोट वाचून यायला लागले, कारण न वाचता उत्तर देता येत नाही. आठवड्यातून एकदा मागचे लॉग (सिस्टीमच्या नोंदी) उघडून काय बिघडू शकत होतं आणि बिघडलं नाही, कोणामुळे, हे बघायला सुरुवात झाली. एका दिवसपाळीवाल्या मुलीने सरळ सांगितलं, "मला वाटायचं सकाळी सिस्टीम आपोआपच नीट असते." सगळे हसले, दादाही हसला.

नोट्स परत भरल्या. हे मी थँक्यूच्या खात्यात टाकणार नाही, रोटेशनमुळे झोप मिळाली, नोट वाचली जायला लागली, कशाचा किती वाटा ते वेगळं काढता येत नाही.

सगळं गोड झालं असंही नाही. स्टार मुलगा दुखावला. त्याच्या बाजूने बघा, त्याने कुठलीही लबाडी केली नव्हती, कंपनीने बक्षीस ठेवलं, तो जिंकत होता, आणि एके दिवशी बक्षीसच बंद आणि वर मीटिंगमध्ये अशी चर्चा की आग लागलीच नाही तर बरं. त्याला ते टोमणे वाटले. लीडने त्याला बोलावून समजावलं, पण तो अजूनही थोडा तुटक वागतो. बक्षीस देऊन काढून घेणं हे न देण्यापेक्षा महाग पडतं, एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये कोड्यांच्या प्रयोगात दाखवलं होतं की पैसे देऊन कोडी सोडवून घेतली आणि मग पैसे थांबवले की माणूस मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळतो. या मुलाच्या बाबतीत तेच झालं का, ठामपणे म्हणवत नाही, पण अवघड कॉल स्वतःहून उचलणं त्याने कमी केलंय हे दिसतं.

आणखी एक गोष्ट चॅनेल चाळताना सापडली जी कोणाच्या डोक्यातच नव्हती. एका मुलीच्या नावावर भरपूर थँक्यू होते, आणि जवळजवळ सगळे मीटिंगचे मिनिट्स लिहिल्याबद्दल, निरोप समारंभ ठरवल्याबद्दल, नवीन माणसाला जागा-लॅपटॉप मिळवून दिल्याबद्दल. तिच्या तांत्रिक कामाबद्दल एकही नाही, आणि ती चांगली इंजिनिअर आहे. प्रत्येक थँक्यूबरोबर ते काम तिच्या गळ्यात आणखी घट्ट बसत होतं, कारण एवढं कौतुक झाल्यावर नाही कसं म्हणणार. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2017 चा अभ्यास आहे की प्रमोशनला उपयोग नसलेली कामं बायका जास्त वेळा अंगावर घेतात आणि त्यांनाच जास्त वेळा सांगितलीही जातात. आता मिनिट्स पाळीपाळीने लिहितात, पुरुषांनी लिहिलेले मिनिट्स सुरुवातीला भयंकर होते, सुधारतायत.

वरच्या दिशेने जाणारे थँक्यू मात्र लीडने चॅनेलवर बंदच केले. ज्युनिअर लोक बॉसचे जाहीर आभार मानायचे, "मार्गदर्शनाबद्दल", त्यात चमचेगिरी किती आणि खरं किती हे कोणालाच कळत नव्हतं, बॉसला तर मुळीच नाही. शिवाय इंना क्सेनोफोंतोव आणि युलिया बेकर यांच्या 2020 च्या संशोधनात असं दिसलं की वरच्या गटाने केलेल्या मदतीबद्दल आभार मानले की खालच्या गटाची अन्यायाविरुद्ध बोलायची तयारी कमी होते. सपोर्ट टीममध्ये "हे चुकतंय" असं म्हणणारं माणूस गप्प बसलं तर काय होतं ते सगळ्यांनी एकदा बघितलंच होतं. मॅनेजरला काही सांगायचं असेल तर समोर जाऊन सांगा, एवढाच नियम.

दादा सध्या दिवसपाळीत आहे आणि रात्रपाळी घेणाऱ्या दोघांना पहाटेची रांग कशी मोकळी करायची ते शिकवतो. तो स्वतः अजूनही चॅनेलवर काही लिहीत नाही. कोणाचं काम आवडलं तर त्याच्या टेबलापाशी जाऊन सांगतो, कधी कधी नुसती नोटची प्रिंट ठेवतो आणि एखाद्या ओळीखाली रेघ मारलेली असते. लीडला आधी वाटायचं याला यात सामील करून घ्यायला हवं, आता तिने तो नाद सोडलाय.

एचआरची योजना बाकी कंपनीत चालूच आहे. तिमाहीचा फॉर्म येतो, त्यात एक रकाना असतो, टीमने एकूण किती थँक्यू दिले. लीडने "मोजत नाही" असं लिहून बघितलं, फॉर्म घेईना, तिथे आकडाच लागतो. मग तिने शून्य टाकलं. डॅशबोर्डवर टीम सध्या सगळ्यात खाली आहे, आणि वरून पुन्हा विचारणा आलीय की कृतज्ञतेत एवढी घसरण कशी, सुधारणेचा प्लॅन पाठवा.